नागपूरच्या वरून

मे महिन्यात सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणाऱ्याला मनगटावरचं घड्याळ बदलावं लागत नाही. त्या दिवसांत दोन्हीकडच्या वेळेत बरोबर बारा तासांचा फरक असतो. काटे जिथल्या तिथे, फक्त रात्रीचा दिवस झालेला. थंडीत अमेरिकेची घड्याळं तासभर मागे जातात तेव्हा ही सोय नाही. खरं पाहता ती उन्हाळ्यातही नसायला हवी होती. सिंगापूर ज्या रेखावृत्तावर बसलंय त्याप्रमाणे तिथलं घड्याळ ग्रीनिचच्या सात तासच पुढे हवं. पण मलेशियाने आपल्या पूर्व-पश्चिम दोन्ही भागांना एकच वेळ लावायचं ठरवलं, आणि १ जानेवारी १९८२ पासून सिंगापूरही शेजाऱ्याबरोबर साडेसातवरून अर्धा तास सरकून आठ तासांवर गेलं. माझी सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. दर पंधरा अंशांना एक तास, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. देश ते पाळतातच असं नाही, हे पुस्तकात नव्हतं.

आम्ही नागपूरकर अंतराच्या बाबतीत तसे आगाऊच. गावात झिरो माईलचा दगड आहे ना! ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याने रोवलेला, १९०७ साल कोरलेला, जवळ चार घोड्यांचे पुतळे. षट्कोनी दगडावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा अशी नावं आणि प्रत्येकापुढे मैल. जबलपूर १७०. तो देशाचा अचूक मध्य आहे की नाही यावर भूगोलवाल्यांनी खुशाल वाद घालावा, नागपुरात मात्र त्याला मनाई आहे. शाळेची सहल तिथे नेली की एखादा पोरगा हमखास विचारायचा, ‘मॅडम, हे मैल रस्त्याने की सरळ?’ चांगला प्रश्न आहे. न्यूयॉर्कच्या प्रवासात तो मला वारंवार आठवला.

सिंगापूरला भाचा असतो. कामानिमित्त तो इतका उडतो की त्याच्या खात्यात मैल साठून राहतात, आणि ते वापरायला त्याला सुट्टी नसते. न्यूयॉर्कला माझी कॉलेजातली मैत्रीण. तिच्याकडे जायचं कधीचं ठरत होतं. नागपूरहून जाणारा शहाणा माणूस दिल्ली किंवा मुंबई गाठतो आणि तिथून निघतो. मी आधी भाच्याकडे राहायला गेले आणि तिथून पुढे निघाले. म्हणजे पश्चिमेला जायचं म्हणून आधी पूर्वेला.

“मावशी, मधे कुठे तरी उतरून, पाय मोकळे करून गेलीस तर बरं नाही का?” भाचा म्हणाला. “सलग अठरा-एकोणीस तास आहेत.”

“त्यासाठीच तर जायचंय,” मी म्हटलं.

त्याला ते काही पटलं नाही. पण सिंगापूरचं चांगी ते न्यूयॉर्कचं जेएफके हा मी गेले तेव्हा जगातला सर्वांत लांबचा विनाथांबा प्रवासी टप्पा होता, १५,३४९ किलोमीटर. पृथ्वीच्या पाठीवर कुठलीही दोन ठिकाणं घेतली तरी त्यांच्यातलं अंतर जास्तीत जास्त वीस हजार किलोमीटर भरतं, कारण त्यापुढे गेलं की आपण उलट बाजूने जवळ यायला लागतो. म्हणजे लांब असण्याची जी काही हद्द आहे तिचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग इथे एका दमात संपतो. भूगोलाच्या मास्तरणीने हे सोडायचं म्हणजे गायनाच्या मास्तरांनी सवाई गंधर्व महोत्सवाचा फुकटचा पास परत करण्यासारखं.

भाच्याच्या घरी पोरीचा पृथ्वीगोल होता. आदल्या दिवशी मी त्यावर दोरा ताणला. एक टोक सिंगापूरवर, दुसरं न्यूयॉर्कवर. भिंतीवरच्या नकाशात ही दोन गावं डावी-उजवीकडे असतात, त्यामुळे वाट आडवी असेल असं वाटतं. दोरा मात्र सरळ उभा उत्तरेला गेला. थायलंड, लाओस, चीन, मंगोलिया, सायबेरिया, आणि मग उत्तर ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्याही आतून पलीकडे उतरून कॅनडामार्गे न्यूयॉर्क. दोन्ही शहरांची रेखावृत्तं एकमेकांच्या जवळजवळ पाठीला पाठ लावून आहेत, म्हणून हे असं. १५,३४९ हा आकडा या दोऱ्याचा. आणि गंमत अशी की मी ज्या विमानात बसले ते या दोऱ्यावरून गेलंच नाही, जाताना नाही आणि येतानाही नाही.

विमान होतं एअरबस ए-३५०, त्यातला मुद्दाम लांब पल्ल्यासाठी बनवलेला प्रकार. सिंगापूर एअरलाइन्सने अशी सात घेतली. याच कंपनीने २००४ साली न्यूअर्कला, म्हणजे न्यूयॉर्कच्या नदीपलीकडच्या विमानतळावर, अशीच सेवा सुरू केली होती. त्या विमानाला चार इंजिनं होती आणि ती इतकं इंधन पीत की २०१३ मध्ये सेवा बंद करावी लागली. दोन इंजिनांची ही विमानं आली तेव्हा, ऑक्टोबर २०१८ मध्ये, न्यूअर्कची सेवा परत सुरू झाली, आणि २०२० च्या नोव्हेंबरात जेएफकेची.

आत फक्त १६१ खुर्च्या. ६७ बिझनेसच्या, ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या. साधी इकॉनॉमी नाहीच. प्रवाशांच्या गुडघ्यांची दया येऊन हे केलेलं नाही. एवढ्या पल्ल्याला विमानाने न्यायचं असतं ते मुख्यतः इंधन. टाक्यांत १ लाख ६५ हजार लिटर मावतं. आपल्या रस्त्यावर दिसणारे बारा हजार लिटरचे टँकर धरले तर चौदा. भरलेल्या विमानाचं वजन जास्तीत जास्त २८० टन, आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास हे तेलच. मालासाठी पुढच्या बाजूला जी जागा असते तीही बंद ठेवलेली. शिवाय शेवटच्या तासात जाळायचं तेल आधीचे सतरा तास वाहून न्यावं लागतं, आणि ते वाहायला परत तेल जळतं. त्यामुळे मधे उतरून तेल भरण्यापेक्षा सलग उडण्यात दर किलोमीटरला खर्च जास्त होतो. पैसे लोक देतात ते वेळेचे. मी निवृत्त बाई, माझ्याकडे वेळच वेळ, आणि मैल भाच्याचे.

माझी खुर्ची शेवटच्या रांगांतली होती. तिथे विमान शेपटीकडे निमुळतं होतं, म्हणून खिडकीशी दोनऐवजी एकच खुर्ची बसते. बाजूला कुणी नाही आणि सामान ठेवायला खिडकीखाली कप्पा. पर्समधला संत्रा बर्फीचा डबा तिथे नीट बसला. विमान मध्यरात्रीनंतर, गुरुवार संपून शुक्रवार लागल्यावर सुटलं. एवढं जड विमान धावपट्टी सोडायला किती वेळ घेतं हे मी श्वास धरून पाहत होते. चांगीच्या या जमिनीवर पहिली धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतली होती. आताचा विमानतळ १९८१ चा. वर गेल्यावर विमान उजवीकडे, ईशान्येला वळलं. पडद्यावरच्या नकाशात उरलेलं अंतर साडेसोळा हजारांच्या पुढे दाखवत होतं. दोऱ्याहून हजार-बाराशे किलोमीटर जास्त, आणि तेही जाणूनबुजून.

सिनेमे मी पाहिले नाहीत. नकाशा पाहत बसले. फिलिपिन्स मागे पडलं, तैवानच्या पूर्वेकडून वर सरकलो आणि चार तासांत उजाडलं. पाय आखडले म्हणून मागच्या पँट्रीपाशी जाऊन उभी राहिले तर तिथे एक गृहस्थ चहाचा पेला धरून पडद्याशी नाक लावून उभे. मराठीत पुटपुटत होते म्हणून मी बोलले. गुहागरकडचे निघाले. आयुष्यभर मर्चंट नेव्हीत, शेवटची बरीच वर्षं कॅप्टन, आता लेकीकडे निघालेले.

“ताई, हे बघा,” ते म्हणाले, “आकड्याकडे लक्ष ठेवा. आता हजाराच्या वर गेलाय.”

जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग दाखवणारा तो आकडा. ए-३५० स्वतःहून ताशी नऊशेच्या आसपास जातं. वरचे शंभर-दीडशे वाऱ्याचे. जपानच्या पूर्वेला दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद पट्टा वाहतो, थंडीत तर तो तीनशेचा वेग सहज ओलांडतो. त्याचं नाव जेट स्ट्रीम. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याला दीड ओळ होती. कॅप्टनसाहेबांनी त्यावर माझे दोन तास घेतले, आणि मीही आनंदाने दिले.

त्यांचं म्हणणं असं की बोटीवाल्यांना हे नवीन नाही. पॅसिफिक ओलांडायचा तर ‘ग्रेट सर्कल’ धरायचं, म्हणजे माझ्या दोऱ्याची वाट, पण हवामान बघून ती वाकवायची. जवळच्या वाटेने वादळात शिरून तीन दिवस घालवण्यापेक्षा लांबून गेलेलं परवडतं. “आमचा सिंगापूर-न्यूयॉर्क सुएझमार्गे दहा हजार सागरी मैलांचा. महिना धरायचा. हा पठ्ठ्या महिन्याचं काम तुमच्या दोन झोपांत करतोय, पण डोकं तेच वापरतोय.”

या वाऱ्याचा शोध लावणाऱ्याची गोष्ट मला आधीपासून आवडते. वासाबुरो ओइशी हा जपानी हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडायचा आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचा. एका उंचीवर गेले की फुगे पूर्वेकडे सुसाट सुटतात हे त्याने नोंदवलं. जगाला कळावं म्हणून त्याने १९२६ मध्ये अहवाल छापला तो एस्पेरांतो भाषेत. ही कृत्रिम भाषा पुढे सगळे शिकतील अशी त्याची श्रद्धा होती. कुणी शिकलं नाही आणि कुणी वाचलंही नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा त्यांना या वाऱ्याचा प्रत्यक्ष धक्का बसला. बॉम्ब नेमके पडेनात, आणि उलट्या दिशेने यावं तर विमानं जागच्या जागी उभी असल्यासारखी.

जपानने मात्र तो वारा वापरला. नोव्हेंबर १९४४ पासून पुढच्या वसंतापर्यंत नऊ हजारांहून जास्त कागदी फुगे, खाली बॉम्ब टांगून, याच वाटेने अमेरिकेकडे सोडले. कागद चिकटवण्याच्या कामाला शाळकरी मुलींना जुंपलं होतं. त्यातले काही शे फुगे पलीकडे पोचले. ५ मे १९४५ ला ओरेगनमध्ये ब्लाय गावाजवळच्या जंगलात सहलीला आलेल्या मंडळींना असाच एक फुगा सापडला. तो फुटून एक गरोदर बाई आणि पाच मुलं गेली. जेवणाच्या गाड्या येईपर्यंत आम्ही दोघं याच वाटेवरून, याच वाऱ्यावर चाललो होतो. कॅप्टनना ही गोष्ट माहीत नव्हती. ऐकून ते जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “शाळेतल्या पोरी?”

हा वारा आपल्या ओळखीच्या विमानांनाही लाभलाय. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे चौदाशे किलोमीटरने वाढून १५,३०० वर गेली, आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. लांबची वाट आणि लवकर पोच. दगडावर आता काय कोरायचं?

दुपार व्हायच्या सुमाराला आम्ही आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. ही रेषा ओलांडताना काय होतं हे समजावताना वर्गातली निम्मी मुलं हरवायची आणि उरलेली हसायची. आता माझ्याच बाबतीत झालं ते सांगते. शुक्रवारी सकाळी तैवानच्या पलीकडे सूर्य उगवला. वाररेषेवर शुक्रवारचा गुरुवार झाला. गुरुवारची संध्याकाळ अलास्काच्या दक्षिणेला समुद्रावर झाली. मग कॅनडाच्या वर मध्यरात्र उलटून परत शुक्रवार लागला, आणि न्यूयॉर्कच्या अलीकडे शुक्रवारचाच सूर्य दुसऱ्यांदा उगवला. एका तारखेचे दोन सूर्योदय, आणि मधली रात्र जेमतेम साडेतीन तासांची.

एकाच उड्डाणात दोन सूर्योदय बघणारे आधीही होऊन गेले, पण ते वेगापायी नव्हे, संथपणापायी. सिंगापूर जपानच्या हातात गेल्यावर ऑस्ट्रेलियाहून येणारी हवाई वाट तुटली. तेव्हा १९४३ ते ४५ या काळात क्वांटासने पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गला सरोवरापर्यंत कॅटॅलिना जातीची समुद्रविमानं चालवली. पाण्यावरून उडायची, पाण्यावरच उतरायची. अंतर माझ्या प्रवासाच्या एक तृतीयांशाच्या आसपास, वेळ सत्तावीस ते तेहतीस तास. शत्रूला कळू नये म्हणून रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून, आणि इंधनाचं वजन इतकं की प्रवासी फार तर तिघे. त्यांना उतरल्यावर ‘दोन सूर्योदयांच्या मंडळा’चं प्रमाणपत्र मिळायचं. क्वांटास सिडनी-लंडन सलग उडण्याची जी तयारी करतेय तिला त्यांनी ‘प्रोजेक्ट सनराइज’ नाव दिलंय ते यावरून. ते अंतर सतरा हजार किलोमीटर, वेळ वीस तासांच्या पुढे. २०१९ च्या ऑक्टोबरात त्यांनी न्यूयॉर्कहून सिडनीला मोजकी माणसं बसवून चाचणीचं उड्डाण केलं, त्याला १९ तास १६ मिनिटं लागली. भाच्याला हे अजून सांगितलेलं नाही.

अल्युशियन बेटांच्या खालून जाताना पडद्यावर एक नाव आलं, कोल्ड बे. मला वाटलं डोंगराबिंगराचं असेल. कॅप्टनना ठाऊक होतं, कारण त्या बाजूच्या समुद्रात त्यांनी थंडी काढली होती. अलास्कातलं तुरळक वस्तीचं गाव, आणि त्याला तीन किलोमीटरहून लांब धावपट्टी. महायुद्धात बांधलेली. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर किती वेळात कुठे तरी उतरता येईल, यावर त्याची वाट ठरते. पूर्वी अशी विमानं समुद्र ओलांडताना किनारा धरूनच जायची. ए-३५० ला आता ३७० मिनिटांपर्यंत मुभा आहे. तरीसुद्धा कंपन्या अशा धावपट्ट्यांची यादी जवळ ठेवतात. तिथे उतरायची वेळ क्वचितच येते, पण त्या गावाच्या जोरावर रोज शेकडो माणसं निर्धास्त झोपा काढत वरून जातात. खाली ढग होते. काही दिसलं नाही.

वाट वाकवणाऱ्या गोष्टींत वारा आणि इंजिन झालं. तिसरी गोष्ट सरकारं. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाला आपल्या डोक्यावरच्या आकाशाचा मालक मानलं. म्हणून माझ्या दोऱ्याखालचं मंगोलिया आणि सायबेरिया हे नुसते प्रदेश नाहीत, परवानग्या आहेत. याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे हेलसिंकी ते टोकियो. सोव्हिएत युनियन वरून जाऊ देत नव्हतं, म्हणून १९८३ मध्ये फिनएअरने उत्तर ध्रुवावरून वळसा घालून सलग सेवा सुरू केली, तेरा तासांची. पुढे रशियाचं आकाश उघडलं आणि तोच प्रवास साडेनऊ तासांवर आला. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, आकाश बंद झालं, आणि विमानं परत ध्रुवावरून तेरा तास जायला लागली. दोन्ही विमानतळ जागचे हलले नव्हते. आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांचे तास असेच एका रात्रीत वाढले.

कॅप्टन यावर फारसे बोलले नाहीत. समुद्रात बारा सागरी मैलांपुढे कुणाचं नाव नसतं, एवढंच म्हणाले, आणि त्यात थोडी फुशारकी होती.

न्यूयॉर्कला सकाळी सात-सव्वासातला उतरलो. मैत्रिणीकडचे दिवस चांगले गेले, पण ते या लेखाचा विषय नाहीत. संत्रा बर्फी तिच्या नवऱ्याने संपवली.

परतीचं विमान गुरुवारी रात्री साडेदहाचं. मला वाटलं होतं की आलो त्या वाटेने मागे जाऊ. पण त्या वाटेवर आता तोच वारा तोंडावर आला असता. विमान निघालं ते परत पूर्वेलाच, अटलांटिकवर. सिंगापूरहून पूर्वेला जाऊन न्यूयॉर्क, न्यूयॉर्कहून पूर्वेला जाऊन सिंगापूर. म्हणजे दोन उड्डाणांत पृथ्वीला एक पूर्ण प्रदक्षिणा, बत्तीस हजार किलोमीटरच्या वर. अशी प्रदक्षिणा पहिल्यांदा घातली ती मॅगेलनच्या मोहिमेतल्या उरलेल्या माणसांनी, पण पश्चिमेच्या दिशेने. जुलै १५२२ मध्ये ती केप व्हर्दे बेटांवर पोचली तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. पिगाफेत्ता हा त्यांच्यातला लेखनिक. तो म्हणतो की आपण एकही दिवस नोंद चुकवलेली नाही, आणि ते खरंच होतं. ते तीन वर्षं सूर्याच्या मागे चालत होते, त्यात त्यांचा एक सूर्योदय कमी पडला. मी उलट्या दिशेने गेले, मला एक जास्त मिळाला.

युरोप ढगांखाली गेला. काळा समुद्र, मग कॅस्पियन. ऊन तिरपं झालं, खालचं वाळवंट तांबूस दिसायला लागलं आणि लगेच अंधार पडला. राजस्थानच्या हद्दीत शिरलो तेव्हा मी ताठ बसले. पडद्यावर भोपाळ आलं. मग उजव्या हाताला नागपूर. भारतात शुक्रवारच्या रात्रीचे दहा वाजून गेले होते. खिडकीतून बऱ्याच अंतरावर दिव्यांचा मोठा पसारा दिसत होता, त्यातून एक पिवळी रेघ बाहेर निघालेली. वर्धा रोड असावा. मे महिना, म्हणजे लोक गच्चीवर गाद्या टाकून, कूलरला शिव्या देत आकाशाकडे बघत असणार.

एके काळी आकाशातला सगळा व्यवहार या गावात थांबून पुढे जायचा. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही इथल्या सोनेगावच्या विमानतळावर उतरायची. पत्रांच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासी विमान बदलायचे, आणि जो तो आपल्या गावी परत. मद्रासला संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत. आमच्या शेजारचे एक आजोबा टपाल खात्यात होते. उन्हाळ्यात सोनेगावला रात्रपाळी मिळावी म्हणून वशिला लावायचे, कारण तिथे वारा असे आणि प्रवाशांसाठी केलेली कॉफी त्यांनाही मिळे. आज चांगी जगासाठी जे करतं ते सोनेगावने देशासाठी केलं होतं, चार विमानांवर. विमानांचा पल्ला वाढला तसं मधे उतरण्याचं कारण उरलं नाही. मुंबई-लंडनचंही तेच. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान लंडनला गेलं ते कैरो आणि जिनेव्हाला टेकून. आता त्या वाटेवर कैरो लागत नाही. मला विचाराल तर सलग उड्डाणात हेच एक वाईट आहे. मधलं जग पडद्यावरच्या नावांपुरतं उरतं आणि ज्याला ती नावं वाचायची खोड नाही त्याला तेवढंही नाही.

नागपूरपासून सिंगापूर साडेचार तास. बंगालचा उपसागर, अंदमान, मलाक्का. शनिवारी पहाटे पाचला चांगीला उतरले. भाचा न्यायला आला होता. गाडीत मी त्याला हिशेब सांगितला. न्यूयॉर्कहून नागपूर दोऱ्याने १२,६०० किलोमीटर, तेवढं येऊन झालं होतं. पुढे सिंगापूरपर्यंत ३,५०० जास्तीचे. आता सोमवारी ३,९०० मागे मुंबईपर्यंत, आणि मग मुंबई-नागपूर सातशेच्या आत.

“म्हणजे तू घरावरून गेलीस, आणि घरी जाणार सोमवारी रात्री?”

“हो. आणि फुकट नाही गेले. देशाच्या आकाशातून जायचं तर विमान कंपनीला त्याचं शुल्क भरावं लागतं, वजन आणि अंतर बघून. ते भारत सरकारच्या विमानतळ प्राधिकरणाकडे जमा होतं. शेवटी तिकिटातूनच निघतं ते.”

“म्हणजे नागपूरवरून जाण्याचे पैसे माझ्या मैलांतून गेले,” भाचा म्हणाला, “आणि नागपूरला उतरण्याचे आता परत वेगळे.”

“ते मी भरते,” मी म्हटलं.